वरचा जबडा रुंद करण्याचा उपचार: चावी हातात घेण्याआधी आणि नंतर

दातांच्या तपासणीला गेलं की हल्ली बऱ्याच आईवडिलांच्या कानावर एक जोडवाक्य पडतं: "वरचा जबडा अरुंद आहे, एक्स्पांडर लावून रुंद करून घेऊ, म्हणजे श्वासही सुधारेल." एक्स्पांडर म्हणजे वरच्या दाढांवर बसवायचं उपकरण; त्याचा मधला स्क्रू बहुधा आईवडीलच घरी चावीने फिरवतात. वरच्या वाक्याचे दोन तुकडे केले तर निम्मा गोंधळ तिथेच संपतो. पहिला तुकडा मोजून तपासता येतो, आणि योग्य वयात उपचार झाला तर निकालही बऱ्यापैकी खात्रीचा असतो. दुसरा तुकडा काही मुलांच्या बाबतीत खरा ठरतो, काहींच्या बाबतीत नाही. तुमचं मूल कुठल्या गटात बसतं याचा अंदाज नाक-घसा नीट तपासल्याशिवाय कुणालाच बांधता येत नाही. खालचा क्रम याच फरकावर बेतलेला आहे.

टाळूचा नाकाशी संबंध काय?

दुमजली घरात खालच्या खोलीचं छत तेच वरच्या खोलीची जमीन असते. तोंड आणि नाक यांचं तसंच आहे. टाळूचं हाड वरच्या बाजूने नाकपोकळीचा तळ असतं. हे हाड डावं आणि उजवं अशा दोन भागांचं असून मधोमध पुढून मागे जाणारा जोड असतो. लहानपणी हा जोड सैल असतो. वय वाढेल तशा त्याच्या कडा एकमेकींत गुंतत जातात आणि पुढे तो पक्का होतो. एक्स्पांडर दाढांना धरून दोन्ही बाजूंना दाब देतो, जोड हळूहळू उघडतो आणि मधल्या फटीत नवं हाड भरतं.

जोड सगळीकडे सारखा उघडत नाही. पुढे जास्त, मागे कमी, असा तो पाचरीच्या आकारात उघडतो. श्वासाच्या दृष्टीने हे महत्त्वाचं आहे. नाकातली सगळ्यात चिंचोळी जागा नाकपुडीच्या थोडी आत, पुढच्याच भागात असते. अडथळा तिथे असेल आणि नाकाचा तळ अरुंद असेल, तर जबडा रुंद झाल्यावर हवेला वाट मिळू शकते. पण अडथळा नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला वाढलेल्या ॲडेनॉइडचा (टॉन्सिलसारख्या गाठीचा) असेल, तर पुढची जागा वाढून मागचं दार उघडत नाही. ॲलर्जीने नाकाच्या आतलं अस्तर सुजलेलं असेल तर तेही हाड सरकवून उतरत नाही.

कल्पना नवी नाही. 1860 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या इमर्सन एंजल यांनी एका 14 वर्षांच्या मुलीचा वरचा जबडा दोन आठवड्यांत स्क्रूने रुंद केल्याचं लिहिलं, आणि तेव्हाच्या दंतवैद्यांनी त्यांना वेड्यात काढलं. जवळजवळ शंभर वर्षांनी, 1961 मध्ये, ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात आणि जबडे सुधारणारे दंततज्ज्ञ) अँड्र्यू हास यांच्या कामामुळे ही पद्धत पुन्हा वापरात आली.

पहिली पायरी: घरीच दोन आठवडे नोंद ठेवा

डॉक्टरांची वेळ घेण्याआधी एक वही करा. "तोंडाने श्वास घेतो", "घोरतो" एवढ्या मोघम माहितीवर कुठल्याच डॉक्टरला फार काही ठरवता येत नाही. रात्री मूल गाढ झोपल्यावर, शक्यतो पहाटेच्या सुमाराला, दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा. छाती, मान आणि तोंड एकाच चौकटीत दिसू द्या आणि आवाज नीट येऊ द्या. पहाट अशासाठी की त्या वेळी स्वप्नांची झोप जास्त असते आणि मुलांमधले श्वासाचे अडथळे बहुधा त्याच झोपेत वाढतात.

वहीत लिहायचं ते असं: आठवड्यातल्या किती रात्री घोरणं झालं, मध्ये श्वास थांबून मग धाप लागल्यासारखा आवाज आला का, मान मागे टाकून झोपतं का, घाम फार येतो का, अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलंय का, सकाळी डोकं दुखतं का. दिवसाचंही लिहा. मोठ्या माणसाची झोप बिघडली की तो पेंगतो. मूल बऱ्याचदा उलट वागतं, चिडचिड करतं, एका जागी बसत नाही. सर्दी असलेल्या रात्री वेगळी खूण करून ठेवा, नाहीतर साध्या पडशाचा आठवडा मोठा आजार वाटायला लागतो.

एक-दोन रात्री घोरलं म्हणून घाबरू नका. पण आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री घोरणं होत असेल, तर ते डॉक्टरांना दाखवायचंच. श्वास थांबताना दिसत असेल, ओठ निळसर पडत असतील किंवा श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर वही पूर्ण व्हायची वाट पाहू नका.

दुसरी पायरी: आधी नाक, मग जबडा

माझं स्पष्ट मत आहे की श्वासाची तक्रार असलेल्या मुलाने ऑर्थोडॉन्टिस्टच्या खुर्चीवर बसण्याआधी बालरोगतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ यांच्याकडे जाऊन यावं. मुलांच्या घोरण्यामागे बहुतेक वेळा टॉन्सिल, ॲडेनॉइड किंवा ॲलर्जी असते. ॲडेनॉइड साधारण 3 ते 7 वर्षांच्या वयात सर्वांत मोठे असतात आणि किशोरवयापर्यंत आकसतात. ॲलर्जी असेल तर नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे काही आठवडे नियमित वापरून पुष्कळ मुलांचं नाक मोकळं होतं. स्प्रे मात्र शिकून घ्यावा लागतो: नळीचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने वळवायचं.

डॉक्टरांना झोपेत श्वास अडण्याचा आजार वाटला तर ते स्लीप स्टडी सांगतील. रात्रभराच्या या तपासणीत तासाला किती वेळा श्वास अडला किंवा कमी पडला ते मोजतात. मोठ्यांमध्ये तासाला 5 पर्यंत आकडा चालवून घेतात. मुलांमध्ये 1 च्या वर गेला तरी तो लक्ष देण्याजोगा मानतात. म्हणून ही तपासणी मुलांच्या निकषांवर वाचली जातेय ना, हे विचारून घ्या. मोठ्यांच्या मापाने मुलाचा अहवाल "नॉर्मल" येऊ शकतो.

इथे एक अभ्यास माहीत असलेला बरा. 2013 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 5 ते 9 वर्षांच्या मुलांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. झोपेत श्वास अडणाऱ्या मुलांपैकी काहींचे टॉन्सिल-ॲडेनॉइड काढले, काहींना नुसतं देखरेखीखाली ठेवलं. 7 महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 79 टक्के मुलांची स्लीप स्टडी नॉर्मल आली, आणि काहीच न केलेल्यांपैकी 46 टक्क्यांची. फार गंभीर त्रास असलेली मुलं या चाचणीत नव्हती. दुसरा आकडा पुन्हा वाचा. जवळजवळ निम्मी मुलं शस्त्रक्रियेशिवाय सुधारली. तेव्हा "एक्स्पांडर लावला आणि सहा महिन्यांत घोरणं गेलं" असं कुणी सांगितलं की विचारायचं, ते एक्स्पांडरने गेलं की वाढत्या वयाने? तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर याचं उत्तर मिळत नाही.

अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सने, 2019 च्या आपल्या श्वेतपत्रिकेत हीच सावध भूमिका घेतली आहे: जबडा खरोखर अरुंद असेल तर तो रुंद करावा, केवळ घोरणं थांबवण्यासाठी किंवा पुढे त्रास होऊ नये म्हणून करू नये.

उलट बाजूही खरी आहे. नाक बंद म्हणून तोंड उघडं राहतं, जीभ टाळूला न टेकता खाली पडून राहते, गालांचा दाब आत येत राहतो आणि वरचा जबडा अरुंद होऊ शकतो. कॅलिफोर्नियात एगिल हार्वोल्ड या संशोधकांनी माकडांची नाकं बंद करून पाहिली, तेव्हा जबड्यांची वाढ बदलली, पण प्रत्येक माकडात ती वेगळ्या तऱ्हेने बदलली. म्हणून तोंडाने श्वास घेणाऱ्या प्रत्येक मुलाचा जबडा अरुंद असतोच असं नाही, आणि अरुंद जबड्याचं प्रत्येक मूल घोरतं असंही नाही.

तिसरी पायरी: ऑर्थोडॉन्टिस्टला काय विचारायचं

जबडा अरुंद असल्याची सर्वांत सरळ खूण म्हणजे क्रॉसबाइट. नेहमी वरच्या दाढा खालच्या दाढांच्या किंचित बाहेर बसतात. इथे त्या आत बसतात. एकाच बाजूला असेल तर मूल चावताना खालचा जबडा एका अंगाला सरकवतं. आरशासमोर मुलाला सावकाश तोंड मिटायला सांगा: दात टेकायच्या क्षणी हनुवटी बाजूला सरकताना दिसली, तर ती गोष्ट डॉक्टरांना मुद्दाम सांगा. असं सरकणं वर्षानुवर्षं चालू राहिलं तर चेहऱ्याची वाढ एकीकडे झुकू शकते, त्यामुळे क्रॉसबाइटवर उपचाराला घोरण्याचं निमित्त लागतच नाही.

मग विचारा: रुंदी किती मिलिमीटर कमी आहे आणि ती कशावरून मोजली? किती वाढवणार? हाड अरुंद आहे की दाढा नुसत्या आत कललेल्या आहेत? क्रॉसबाइट नसेल तर उपचाराचं कारण काय? "टाळू उंच दिसतो" किंवा "दातांना जागा कमी आहे" एवढ्यावर मी होकार देणार नाही. दातांच्या गर्दीला इतरही उपाय असतात.

वयाचाही प्रश्न आहे. सहाव्या-सातव्या वर्षी पहिल्या कायमच्या दाढा येतात आणि एक्स्पांडरला धरायला जागा मिळते. दुधाचे आणि कायमचे दात मिसळलेले असतात तो काळ, म्हणजे साधारण 7 ते 12, सोयीचा. मुलींची वाढ मुलांपेक्षा लवकर होते, तेव्हा त्यांच्या बाबतीत फार थांबू नये. पंधरा-सोळानंतर नुसत्या दाढांना धरून ओढलं तर हाड न हलता दाढाच बाहेर कलण्याची भीती वाढते. मग टाळूत बारीक स्क्रू बसवून किंवा शस्त्रक्रियेची जोड देऊन रुंदी वाढवतात.

उपकरणांचे मुख्य प्रकार तीन. दाढांवर सिमेंटने बसवलेला आणि मध्ये स्क्रू असलेला हायरॅक्स. टाळूला टेकणारे ॲक्रिलिकचे तुकडे असलेला हास. आणि सावकाश काम करणारा तारेचा क्वाड हेलिक्स, ज्याला घरी काही फिरवावं लागत नाही. काढता-घालता येणारी स्क्रूची प्लेटही मिळते, पण मुलाने ती डब्यात ठेवली की उपचार तिथेच थांबतो. हाडाची रुंदी हवी असेल तर बसवलेलं उपकरण बरं.

चौथी पायरी: चावी फिरवणं

दवाखान्यात पहिला फेरा डॉक्टरांसमोर तुम्ही स्वतः फिरवून दाखवा. नुसतं बघून घरी गेलात तर पहिल्या रात्री हात थरथरतो. आमच्या घरी हे काम माझ्याकडे होतं, आणि खरी अडचण चावीची नसून उजेडाची असते. कपाळाला बांधायची बॅटरी असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात.

1. मुलाला आडवं झोपवा, मान थोडी मागे. उशी डोक्याखाली न घेता खांद्याखाली घ्या.
2. चावीला बहुधा दोरा किंवा मूठ असते; दोरा नसेल तर बांधून घ्या. दोरा मनगटाला गुंडाळा, म्हणजे चावी हातातून निसटली तरी घशात जाणार नाही.
3. स्क्रूच्या मधल्या भागावर बारीक छिद्र दिसेल. चावी त्यात पूर्ण आत घाला.
4. बाणाच्या दिशेने, बहुतेक उपकरणांत पुढून घशाकडे, थांबेपर्यंत दाबत न्या. पुढच्या बाजूला नवं छिद्र पूर्ण दिसायला हवं. ते अर्धवट दिसत असेल तर फेरा पुरा झालेला नाही, आणि दुसऱ्या दिवशी चावी घालायला जागाच सापडणार नाही.
5. चावी मागच्या मागे, खाली सोडवून काढा. पुढे ओढलीत तर फिरवलेला स्क्रू उलटा येतो.
6. लगेच वहीत तारीख आणि वेळ लिहा. घरात दोघं आळीपाळीने फिरवत असतील तर याला पर्याय नाही.

असा एक फेरा म्हणजे पाव वळसा, आणि बहुतेक स्क्रूंमध्ये त्याने साधारण 0.25 मिलिमीटर अंतर वाढतं. 6 मिलिमीटर हवे असतील तर 24 फेरे. दिवसाला एक धरला तर साडेतीन आठवड्यांच्या आत काम होतं, दोन धरले तर बारा दिवसांत. फेरे रोज किती आणि एकूण किती, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी आपल्या मनाने दुप्पट फिरवू नका, फोन करून विचारा.

फिरवल्यावर पाच-दहा मिनिटं नाकाच्या मुळाशी, गालांत किंवा डोळ्यांखाली दाब जाणवतो. मुलाला हे आधीच सांगून ठेवलं तर ते घाबरत नाही. जेवण आणि दात घासणं उरकल्यावर, झोपायच्या अर्धा तास आधी फिरवणं आम्हाला सोयीचं पडलं.

तोंडात काय काय होईल

पहिले दोन-चार दिवस लाळ गळते, बोलणं बोबडं होतं, गिळताना अवघड वाटतं. मऊ खाणं द्या, आणि मुलाला पुस्तक मोठ्याने वाचायला लावा; जीभ लवकर वळते. चिकट आणि कडक पदार्थ उपकरण असेपर्यंत बंद. जेवल्यानंतर स्क्रूभोवती आणि टाळू-उपकरण यांच्या फटीत अन्न अडकतं. जाड पिचकारीत कोमट पाणी भरून जोरात मारलं की ते निघतं. ब्रश वेगळा घ्यायची गरज नाही, पण दाढांच्या पट्ट्यांच्या कडा, जिथे हिरडी सुरू होते, तिथे तो रोज पोचला पाहिजे.

रोज फिरवायच्या पद्धतीत साधारण आठवड्याभरात वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट पडते. बघणाऱ्याला धक्का बसतो, पण जोड उघडल्याची हीच खूण आहे. हिरडीतले तंतू पुढच्या काही महिन्यांत ती बहुतेक आपोआप मिटवतात. रबर बँड लावून ती घाईने मिटवायचा प्रयोग घरी अजिबात करू नका. रबर हिरडीखाली सरकून दातांची मुळं मोकळी करू शकतं. दहा-बारा दिवस रोज फिरवूनही फट दिसत नसेल, चावी फिरेनाशी झाली असेल, एकाच दाढेत ठणका असेल, दाढेची पट्टी सुटून उपकरण हलत असेल किंवा टाळूची कातडी सुजून उपकरणावर येत असेल, तर फिरवणं थांबवून दवाखान्यात जा. चावी किंवा सुटा तुकडा गिळला गेला आणि मूल खोकतंय, श्वासाला त्रास होतोय असं दिसलं, तर थेट तातडीच्या विभागात.

पाचवी पायरी: फिरवणं संपतं, उपचार नाही

आईवडील सर्वांत जास्त कंटाळतात ते इथे. स्क्रू थांबवल्यावर डॉक्टर तो तारेने किंवा दातात भरायच्या मसाल्याने पक्का करतात आणि उपकरण कमीत कमी तीन, बरेचदा सहा महिने तसंच ठेवतात. तोंडात काहीच घडत नाहीये असं वाटतं, पण फटीत हाड याच काळात भरतं. लवकर काढलं तर जबडा पुन्हा आत येतो. थोडं आत येणं गृहीत धरूनच डॉक्टर गरजेपेक्षा किंचित जास्त रुंद करतात, म्हणून थांबवल्या दिवशी वरच्या दाढा जरा जास्तच बाहेर दिसल्या तर घाबरू नका. मिळालेली सगळी रुंदी हाडाची नसते हेही लक्षात असू द्या. महिने जातात तसा तिच्यातला दाढांच्या कलण्याचा वाटा वाढतो. उपकरण निघाल्यावर काही काळ रिटेनर, म्हणजे मिळालेली रुंदी टिकवून धरणारं साधन, लागतो.

श्वासासाठी या महिन्यांत करायचं ते एवढंच: ॲलर्जीची औषधं चालू ठेवा आणि सर्दी नसताना ओठ मिटून नाकाने श्वास घ्यायची आठवण करत राहा. जिभेचे व्यायाम कुणी शिकवत असेल तर करायला हरकत नाही, फक्त त्याला मुख्य उपचार समजू नका. मुलाच्या तोंडाला रात्री चिकटपट्टी लावण्याचे सल्ले फिरतात. ज्याचं नाक बंद आहे त्याचं तोंडही बंद करणं धोक्याचं आहे, तसं करू नका.

सहावी पायरी: फरक पडला का, हे कसं ठरवायचं

स्क्रू थांबल्यावर तीन महिन्यांनी, सर्दी नसलेल्या आठवड्यात, पहिल्यासारखीच दोन आठवडे नोंद ठेवा. त्याच वेळी, त्याच अंतरावरून व्हिडिओ काढा आणि जुन्याशेजारी ठेवून बघा. आधी स्लीप स्टडीत आजार निघाला असेल तर ती पुन्हा करायची. घोरण्याचा आवाज कमी झाला म्हणजे श्वास अडणं थांबलंच असं नसतं.

क्रॉसबाइट गेला पण घोरणं राहिलं, असंही होतं. जबड्याचा उपचार तरीही फसलेला नसतो. अशा वेळी "अजून थोडं रुंद करू" हा प्रस्ताव आला तर नकार द्या. वरच्या जबड्याची रुंदी खालच्या जबड्याशी जुळावी लागते. त्यापलीकडे ढकललं तर दाढा बाहेर कलतात, त्यांच्या बाहेरच्या अंगाचं हाड पातळ होतं आणि पुढे हिरड्या दातांवरून मागे सरकून मुळं उघडी पडू शकतात. दोन्ही वह्या, दोन्ही व्हिडिओ आणि स्लीप स्टडीचे अहवाल घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे परत जा, आणि ॲडेनॉइड आता किती आहेत हे नव्याने बघायला सांगा.